काळोखात ‘किल्ली’ लिहिता येईना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भीतिदायक व्हिडिओ गेमवर अर्धं पान लेख आला होता. मुलं अंधाऱ्या खोलीत हेडफोन लावून बसतात, किंचाळतात, रात्री झोपत नाहीत, यातून निर्माण काहीच होत नाही, तेव्हा पालकांनी असले खेळ संगणकातून काढून टाकावेत, असा एकूण सूर. झोपेबद्दल मी वाद घालत नाही. ‘निर्माण काहीच होत नाही’ या चार शब्दांवर मात्र मला बोलायचं आहे, आणि शेवटी एक मागणीही करायची आहे.

आधी माझी लायकी सांगतो. वय ६४. पस्तीस वर्षं वायरमनची नोकरी केली. दिवसा खांबावर चढून लोकांच्या घरी उजेड पोचवला आणि संध्याकाळी हौशी नाटकवाल्यांकडे जाऊन रंगमंचावर अंधार केला. सांगलीत नाटकाचं वेड असणं यात विशेष काही नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं, तेव्हापासून गावाला ते दुखणं आहे. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्याकडे मिठाच्या पाण्याचा डिमर होता. लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी, तिच्यात खारं पाणी, तळाशी एक पत्रा, आणि वरून दोरीने सोडलेला दुसरा पत्रा. पत्रे जवळ आणले की दिवा उजळायचा, लांब नेले की मंद व्हायचा. प्रवेश लांबला की पाणी तापून वाफ यायची, आणि पहिल्या रांगेतल्या मंडळींना वाटायचं, आत चहा ठेवलाय. (नवशिक्यांनी हा प्रयोग घरी करू नये. आम्ही केला, कारण आम्हाला अक्कल नव्हती.) गेममधलं मला काही कळत नाही, पण काळोखाशी माझा असा जुना परिचय आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाची आली. तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फराळ झाला की लॅपटॉप उघडून बसायची. मी समजलो, खेळत असेल. चौथ्या दिवशी सहज पाठीमागून पाहिलं तर पडद्यावर खेळ नव्हताच, राखाडी रेघांची जाळी होती आणि तीत भिंतींचे तुकडे एकेक करून उभे राहत होते.

“काय चाललंय गं?”

“लाइट लावतेय, मामा.”

मी खुर्ची ओढून बसलो ते जेवायच्या हाका येईपर्यंत.

ती ज्यात काम करत होती त्याला गेम इंजिन म्हणतात. नाटकवाल्यांसाठी सांगायचं तर इंजिन म्हणजे नाटक नव्हे, थिएटर. रंगमंच, विंगा, दिव्यांचे बार, ध्वनीची यंत्रणा, पडदा ओढणारा माणूस, हे सगळं तयार मिळतं. नाटक आपण आणायचं. थिएटर मात्र सगळ्या नाटकांना सारखं लाभत नाही. हे खास भीतीसाठी बांधलेलं आहे. नाव एचपीएल. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराची ही आद्याक्षरं. बांधणारी कंपनी स्वीडनची, फ्रिक्शनल गेम्स. थॉमस ग्रिप आणि जेन्स निल्सन या दोघांनी ती हेल्सिंगबोर्गला सुरू केली. नकाशात पाहिलं तर हेल्सिंगबोर्गच्या बरोबर समोर, चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडली की डेन्मार्कचं हेल्सिंगोर आहे. इंग्रजीत त्यालाच एल्सिनोर म्हणतात. ‘हॅम्लेट’मध्ये तिथल्या किल्ल्याच्या तटावर रात्री कोणाचं भूत फिरतं, हे नाटकवाल्यांना सांगायला नको. असल्या शेजाराला राहून माणसं दुसरं काय करणार!

या इंजिनावर त्यांनी २००७ मध्ये ‘पेनम्ब्रा: ओव्हर्चर’ हा खेळ काढला. त्यात खेळणाऱ्याच्या हाती हातोडा होता. २००८ च्या दुसऱ्या भागात त्यांनी मारामारीच काढून टाकली. सप्टेंबर २०१० मध्ये ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ आला, त्यात तर हाती शस्त्र असं काहीच नाही. १८३९ साल, प्रशियातला एक किल्ला, स्मृती गेलेला डॅनियल नावाचा माणूस, आणि त्याच्याजवळ एक कंदील. पळा किंवा लपा. त्याच खेळाचे किंचाळत-किंचाळत व्हिडिओ करून प्युडीपाय नावाचा एक स्वीडिश पोरगा जगप्रसिद्ध झाला. आपल्या लेखकाने पाहिलेलं किंचाळणं बहुधा त्या वळणाचं असावं.

आता दिवे. इंजिनात दिव्यांचे तीन प्रकार आहेत. पॉइंट, म्हणजे टांगलेला बल्ब, चहूकडे उजेड. स्पॉट, म्हणजे आपला स्पॉटच. आणि बॉक्स, म्हणजे ठरवलेल्या चौकटीत सगळीकडे सारखा उजेड, सावली अजिबात नाही. आम्ही त्याला वॉश म्हणतो. स्पॉटवर टिचकी मारली की उजवीकडे आकड्यांचा रकाना उघडतो: रंग, पल्ला, कोन. आणि त्या रकान्यात मला एक शब्द दिसला, ‘गोबो’. मी उडालोच. अहो, हा आमचा शब्द! स्पॉटच्या तोंडाशी कापलेला पत्रा धरला की भिंतीवर खिडकीच्या गजांची किंवा झाडाच्या पानांची सावली पडते, तो गोबो. मी डालड्याच्या डब्याचे पत्रे कापून पंचवीसेक गोबो केले होते, बोटांवर त्याचे व्रण अजून आहेत. इथे पत्र्याच्या जागी काळं-पांढरं चित्र लावतात, इतकाच फरक. पुढे ‘फ्लिकर’ होतं: दिवा कमीत कमी किती वेळ पेटायचा, जास्तीत जास्त किती, विझलेला किती राहायचा. फडफडणारी रॉकेलची चिमणी दाखवायला मी दोन वायरी हाताने टेकवत विंगेत उकिडवा बसायचो. या मुलीने चार आकडे भरले आणि झालं.

पण आकडे भरता आले म्हणजे प्रकाशयोजना आली असं नाही. तिने प्रत्येक खोलीत मधोमध एकेक दिवा टांगला होता, लग्नाच्या हॉलसारखा. मी म्हटलं, माणूस जिथे उभा आहे तिथे दिवा नको, जिथे जायला तो घाबरेल तिथे लाव. मग तिने सगळे काढून मिट्ट काळोख केला. तेही चूक. पूर्ण काळोखात प्रेक्षकाला भीती वाटत नाही, तो खोकायला लागतो. भीती वाटायला काहीतरी अर्धवट दिसावं लागतं. शेवटी पूर्ण खोलीला अगदी मंद निळसर बॉक्स, आणि एकच पिवळा पॉइंट, तोही पलीकडच्या खोलीत, किलकिल्या दाराआड. जमिनीवर उजेडाची बोटभर पट्टी आली. ती म्हणाली, “मामा, आता मलाच जावंसं वाटत नाही तिकडे.”

‘अ‍ॅम्नेशिया’ या खेळाचा कायदा मला फार आवडला. काळोखात उभं राहिलं की त्या डॅनियलच्या मनाचा तोल हळूहळू ढळतो. दृश्य हेलकावतं, नजर धड राहत नाही. म्हणजे उजेडात यावं. पण उजेडात आलं की राक्षसाला तुम्ही दिसता. कंदिलाचं तेल मोजकं, मेणबत्त्या पेटवायला मिळणारी साधनं मोजकी. राक्षसाकडे टक लावून पाहिलं तरी तोल जातो, म्हणून बिचारा खेळणारा कोपऱ्यात तोंड घालून भिंतीकडे बघत उभा राहतो. आमच्याकडे नट पाठमोरा झाला की दिग्दर्शक खाली बसून ओरडतो. इथे पाठमोरं होणं हाच अभिनय. दारसुद्धा बटण दाबून उघडत नाही. माउसने धरायचं आणि हात मागे घेत ओढायचं, बोटभर ओढलं तर बोटभरच उघडतं. हे त्यांनी ‘पेनम्ब्रा’पासून ठेवलंय. स्वतःच्या हाताने दार ओढायला लावलं की माणूस आपोआप सावकाश ओढतो.

त्याच थिएटरात २०१३ साली दुसऱ्या, ब्रिटिश मंडळींनी ‘अ मशीन फॉर पिग्ज’ केला आणि तेल व तोल दोन्ही नियम काढून टाकले. भाची म्हणते, गोष्ट चांगली आहे. मी अर्धा तास पाहिला. माझ्यातल्या वायरमनला त्यात काम उरलं नव्हतं. उलट कंपनीचा २०२३ चा ‘द बंकर’ मला पाठ करावासा वाटला. पहिल्या महायुद्धातला एक फ्रेंच सैनिक तळघरात अडकलाय, आणि तिथल्या जनरेटरमध्ये इंधन असेपर्यंतच दिवे चालतात. इंधन शोधायला अंधारात जायचं, अंधार टाळायला इंधन आणायचं. हातात हाताने चालवायचा टॉर्च, तोही घरघर आवाज करणारा. लोडशेडिंगच्या दिवसांत जनरेटरची कॅन घेऊन पंपावर रांगेत उभा राहिलेला प्रत्येक मराठी माणूस हा खेळ न शिकवता खेळेल.

आता मुद्द्यावर येतो. ‘अ‍ॅम्नेशिया’च्या कंपनीने आपली अवजारं लोकांना दिली. भिंती उभ्या करायचं, वस्तू घडवायचं, धूर-धूळ करायचं, सगळं. त्यातून लोक स्वतःच्या गोष्टी रचतात, त्यांना ‘कस्टम स्टोरी’ म्हणतात. गोष्टीचा फोल्डर ठरलेल्या जागी टाकला की खेळाच्या यादीत आपलं नाव येतं. केव्हा काय घडायचं ते अँजेलस्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहायचं. ते पाहिलं आणि मला आमची क्यूशीट, म्हणजे कुठल्या वाक्याला कुठला दिवा याची यादी, आठवली. जमिनीवर एक न दिसणारी चौकट आखायची आणि लिहायचं: खेळणाऱ्याचा पाय इथे पडला की मागचं दार लावून घे, तीन सेकंदांनी दिवा घालव, आणि हे पुन्हा होऊ देऊ नकोस. आमच्या क्यूशीटवर ‘ती म्हणते “कोण आहे?” – निळा खाली’ असं असायचं. फरक एवढाच की आमची नटी कधी कधी ते वाक्य विसरायची.

भाचीने काय रचलं ते सांगतो, कारण त्यावरूनच मी हे पत्र लिहायला बसलो.

तिचं घर गावभागात, जुना वाडा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा ती बारा वर्षांची होती. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ च्या पुढे गेलं. तिच्या आजींनी वाडा सोडायला नकार दिला, त्यामुळे सगळे माडीवर. वीज नाही, फोनची चार्जिंग संपलेली. मी विश्रामबागेत, फोन लावून लावून थकलो. तिसऱ्या दिवशी त्यांना गॅलरीतून बोटीत घेतलं. त्या दोन रात्रींबद्दल पोरगी माझ्याशी कधी बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं.

तिच्या खेळात एक वाडा आहे. तुम्ही माडीवर जागे होता. हातात कंदील. जिन्यापाशी येता, खाली वाकून बघता, तर पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या. मोजल्या तर नऊ उघड्या. आत जाऊन देवघर, कोठी शोधून परत जिन्यापाशी येता, तर आठ. पाणी चढताना कधीच दिसत नाही. त्यासाठी तिने त्याच जिन्याच्या पाच प्रती करून ठेवल्यात, प्रत्येकीत पाणी एक पायरी वर. तुम्ही खोलीत जाऊन आलात की गुपचूप पुढची प्रत उघडते. आम्ही दोन अंकांच्या मध्ये नेपथ्याची चौकट अर्धा फूट सरकवायचो तशी.

“नऊच का गं?” मी विचारलं.

“झोपताना नऊ होत्या, मामा. उठले तेव्हा सहा.”

आणि खालून आवाज. भूत नाही, राक्षस नाही. पाण्यावर तरंगणारी भांडी काळोखात भिंतीला आपटतात तो आवाज. ती म्हणाली, रात्रभर खाली कोणीतरी स्वयंपाक करतंय असं वाटायचं.

तो आवाज तिला हवा तसा मिळत नव्हता. मग आम्ही आमच्या मोरीतला हौद भरला, आईची तांब्याची घागर काढली आणि मोबाइल दोरीला टांगून ध्वनिमुद्रण केलं. रिकामी घागर आपटली तर देवळातली घंटा वाजल्यासारखं व्हायचं. पाऊण भरली तर नुसतं ढब. अर्धी भरून, हाताने न ढकलता पाणी हलवलं तेव्हा तिने मान वर केली आणि म्हणाली, “हा.” इंजिनात प्रत्येक आवाजाची एक छोटी फाइल असते, किती जवळून पूर्ण ऐकू यावा, किती अंतरावर विरावा, मधे किती वेळ जावा, तो वेळ अनियमित असावा का, हे सगळं तिच्यात लिहायचं. तिने अनियमित ठेवलं. कधी लागोपाठ दोनदा, कधी बराच वेळ काहीच नाही. तो न वाजण्याचा वेळ जास्त वाईट.

‘यातून निर्माण काहीच होत नाही’ असं आपला लेख म्हणतो. असो.

नंतर आम्ही ‘किल्ली’पाशी अडलो. कोठीत एक चिठ्ठी सापडते: ‘किल्ली देवघरात आहे.’ खेळातला सगळा मजकूर एका वेगळ्या फाइलीत असतो, तिथे तिने मराठीत लिहिलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. का, तर हे इंजिन अक्षरं एका चित्रातून उचलतं; एका मोठ्या चौकोनात सगळी अक्षरं काढलेली आणि सोबत तक्ता: कुठलं अक्षर कुठे आहे, ते लिहून झाल्यावर किती पुढे सरकायचं. त्या चित्रात देवनागरी नव्हतीच. तिने खटपट करून मराठी अक्षरांचं चित्र बनवलं. मग उमटलं ते असं: आधी क, त्याच्या पुढे वेलांटी, ती पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, मग पाय मोडलेला ल, मग दुसरा ल आणि ईकार. इंजिन एकामागून एक अक्षर डावीकडून उजवीकडे ठेवत जातं. इंग्रजीला तेवढं पुरतं. आपल्याला वेलांटी उच्चाराने नंतर आणि लेखनात आधी लागते, दोन ल एकमेकांत मिसळावे लागतात, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

पोरगी रडकुंडीला आली. म्हणाली, इंग्रजीतच लिहिते. त्या वाड्यात, त्या आजींच्या कोठीत, इंग्रजी चिठ्ठी!

मला त्या वेळी वडील आठवले. ते छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवायचे. त्यांच्यापुढच्या लाकडी केसमध्ये अक्षरं होती, अर्धी अक्षरं वेगळ्या खणात होती, वेलांट्या वेगळ्या. ‘किल्ली’ जुळवताना ते आधी वेलांटी घ्यायचे, मग क, मग अर्धा ल, मग अख्खा ल, मग ईकार. ते उच्चाराकडे बघतच नसत, दिसेल तसं जुळवायचे. मी भाचीला म्हटलं, तुझं हे इंजिन म्हणजे कंपोझिटर आहे. हातात दिलेले खिळे ओळीने लावतं, त्यापुढे त्याला डोकं नाही. तर त्याला खिळे दे.

दोन रात्री बसलो. अर्ध्या अक्षरांचे स्वतंत्र खिळे केले, उकार-मात्रा मागच्या अक्षरावर सरकून बसाव्यात म्हणून तक्त्यात उणे आकडे भरले, आणि मजकूर दिसतो तसा उलटसुलट टंकला. पहाटे दीडला पडद्यावर ‘किल्ली देवघरात आहे’ धड उमटलं. बहिणीला उठवून दाखवलं. ती म्हणाली, “यासाठी मला उठवलं?”

चार चिठ्ठ्यांसाठी दोन रात्री. ही काही रीत नव्हे. शिवाय असा मजकूर शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. फाइल उघडून वाचणाऱ्याला ती बोबडी दिसते.

म्हणून मागणी. हे इंजिन कुलूपबंद नाही. २०१० मध्ये ‘हंबल इंडी बंडल’ या खेळांच्या विक्रीने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा कंपनीने ‘पेनम्ब्रा’ची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, खुली केली. आणि सप्टेंबर २०२० मध्ये ‘अ‍ॅम्नेशिया’ला दहा वर्षं झाली त्या निमित्ताने ‘द डार्क डिसेंट’ आणि ‘अ मशीन फॉर पिग्ज’ या दोन्हींची संहिता जीपीएल ३ या परवान्याखाली इंटरनेटवर ठेवली. कुणीही उतरवून घ्यावी, वाचावी, बदलावी. अट एवढीच की बदललेलं दुसऱ्यांना दिलं तर आपलीही संहिता त्याच परवान्याने खुली ठेवायची. खेळातली चित्रं, आवाज, किल्ल्याच्या भिंती मात्र कंपनीच्या मालकीच्या. त्यासाठी खेळ विकत घ्यायचा. थोडक्यात, थिएटरचा नकाशा आणि वायरिंग खुलं आहे, नेपथ्य नाही. व्यवहार स्वच्छ आहे.

देवनागरी अक्षरं नीट जुळवणारी हार्फबझ नावाची खुली प्रणालीही तयार आहे. फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये, अँड्रॉइडमध्ये आपण जी जोडाक्षरं धड वाचतो ती तिच्याच कृपेने. गोडो नावाच्या खुल्या गेम इंजिनाने २०२३ मधल्या चौथ्या आवृत्तीत ती बसवून घेतली. मी भाचीला विचारलंही, मग तू ते गोडो का घेत नाहीस? म्हणाली, “मामा, तिथे दारापासून सगळं मलाच बनवायला लागेल. इथे दार करकरतं, कंदील विझतो, मनाचा तोल जातो, हे सगळं आहे. फक्त किल्ली नाही.” शिवाय २०१० चा खेळ असल्याने तिच्या सेकंडहँड लॅपटॉपवर पंखा न तापता चालतो. नवी मोठी इंजिनं उघडायलाच तो घाम गाळतो.

तर एकीकडे उघडी संहिता, दुसरीकडे तयार प्रणाली, मध्ये एक सांधा जोडायचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मुलं प्रोजेक्ट करतात. मी पाहिलेल्यांपैकी निम्मे ग्रंथालयाचं व्यवस्थापन किंवा हजेरीपट असतात, दरवर्षी तेच, मुखपृष्ठ बदलून. एखाद्या महाविद्यालयाने चार मुलांना हा सांधा जोडायला द्यावा. राज्य मराठी विकास संस्थेने असल्या कामाला पाठबळ द्यावं. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, आम्ही पेढे वाटले. त्या अभिजात भाषेत कोठीतली चिठ्ठी लिहायला मला वडिलांचा खिळ्यांचा धंदा पुन्हा काढावा लागला, हे कुणाच्या तरी कानावर जावं एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. काम झालं तर फायदा एका वाड्याला नाही. हिंदी, नेपाळी, कोकणी, जिथे जिथे देवनागरी आहे तिथले लोक आपापल्या गोष्टी आपल्या अक्षरांत रचतील.

लेखकाच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत आहे. हे खेळ शाळकरी मुलांच्या हाती देऊ नयेत. ‘अ‍ॅम्नेशिया’त छळाची वर्णनं आहेत, ती मलाही नकोशी झाली. पण अठरा वर्षांच्या मुलीला तिने बारा वर्षांची असताना पाहिलेला काळोख रचायचा असेल, तर तिचं अवजार काढून घेऊ नका.

खेळ अजून पुरा झालेला नाही. देवघराचं दार ओढलं की पाण्यात पडतं. कब्जे कुठेतरी चुकलेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू म्हणालीय. हार्फबझ जोडून देण्याची कुणा विद्यार्थ्याची तयारी असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. चहा आणि लॅपटॉपला वीज आमच्याकडून. वायरिंग मी स्वतः तपासलेलं आहे.

आपला,
एक निवृत्त वायरमन
सांगली
(नाव-पत्ता संपादकांकडे)

ता. क. – वर ‘पायऱ्या’ शब्द आला आहे. त्यातला ऱ्य कृपया तसाच छापावा. मागे एकदा मी धरणावर पत्र लिहिलं होतं, तेव्हा सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ छापताना ‘दर्या’ झाल्या होत्या आणि मित्रांनी मला आठवडाभर सह्याद्रीत समुद्र कुठे आहे ते विचारलं.